खुनी माणूस की आणखी काही? गूढ थ्रिलरचा पुरेपूर आनंद कसा घ्यावा

बंद खोलीत प्रेत सापडते. दाराला आतून कडी, खिडक्यांना गज. तपास अधिकारी ठसे घेतो, जबाब नोंदवतो, आणि घरातली एक वयस्कर बाई त्याला बाजूला घेऊन सांगते, "ती परत आली आहे." त्या क्षणापासून तुमच्यासमोर दोन कथा चालू होतात. एकीत कोणीतरी हाडामांसाचा माणूस खून करून साळसूदपणे वावरतो आहे. दुसरीत मेलेले माणूस पुरते गेलेले नाही.

बरेचजण पहिल्या अर्ध्या तासातच यातली एक कथा मिटवून टाकतात. "शेवटी माणूसच निघणार" म्हणून काहीजण निर्धास्त होतात. "हे भुताचंच आहे" असे ठरवून बाकीचे तपासाकडे लक्ष देणे सोडतात. दोघांच्याही हातून निम्मा थरार जातो. दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवण्यातच या प्रकाराची मजा आहे, आणि त्यासाठी थोडी तयारी आणि थोडी शिस्त लागते. पुस्तक असो, चित्रपट असो, वेबसिरीज असो की कानांनी ऐकायची कादंबरी, खालची पद्धत सगळ्यांना चालते.

आधी हे समजून घ्या: लेखकाने दोन वचने दिलेली असतात

रहस्यकथेचा वाचकाशी एक करार असतो. कोडे घातले आहे तर ते सुटले पाहिजे, आणि सोडवायला लागणारे धागेदोरे वाचकालाही मिळाले पाहिजेत. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला दुसराच नियम सांगतो की अलौकिक शक्तींना कथेत थारा नाही. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, परलोकावर श्रद्धा असलेले. तरीही कथेच्या खेळात त्यांनी ते दार बंद ठेवले. १९३० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'डिटेक्शन क्लब'चे लेखक तर शपथच घेत की आपला गुप्तहेर दैवी साक्षात्कार, जादूटोणा किंवा योगायोग यांच्या जोरावर गुन्हा उकलणार नाही. कारण उघड आहे. भिंतीतून जाणारा खुनी चालत असेल तर बंद खोलीचे कोडे कोडेच राहत नाही.

भयकथेचा करार नेमका उलटा. तिथे खुलासा झाला की भीती ओसरते, म्हणून ती खुलासा हातचा राखून ठेवते.

गूढाची छाया असलेल्या गुन्हेकथेच्या लेखकाने ही दोन्ही वचने एकदम दिलेली असतात: "मी तुला उत्तर देईन" आणि "मी तुला घाबरवेन". समीक्षक त्स्वेतान तोदोरॉव यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात अशा साहित्याचा प्राण वाचकाच्या घुटमळण्यात आहे असे मांडले. समोरची घटना निसर्गनियमांत बसते की बसत नाही हे ठरत नाही तोवरच तो परिणाम टिकतो. एकदा ठरले की कथा एका बाजूला कलंडते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच कामासाठी आहेत: ते घुटमळणे लांबवायचे, पण आळशीपणाने नाही, डोळे उघडे ठेवून.

पायरी १: कोऱ्या मनाने बसा, पण अगदी आंधळेपणाने नको

या प्रकारात ट्रेलर सर्वांत घातक. ट्रेलर बनवणाऱ्याला सगळ्यांत दचकवणारी दृश्ये हवी असतात, आणि ती बहुतेक कथेच्या शेवटच्या तिसऱ्या भागातली असतात. छतावरून उलटी उतरणारी आकृती ट्रेलरमध्ये पाहिली असेल, तर "हे सगळं त्या मुलीच्या मनाचे खेळ आहेत का" हा प्रश्न तुमच्यासाठी उरतच नाही. पोस्टरखालची एक ओळ, लांबी आणि हिंसाचाराची पातळी, एवढे कळले की पुरे. मुलांवरचे अत्याचार, आत्महत्या असे काही तुम्हाला सोसत नसेल तर तेवढी चौकशी मात्र जरूर करा. त्याने रहस्य फुटत नाही.

शेवट आधी कळला तर मजा जातेच का? २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांनी १२ लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांनी कथांना सरासरीने थोडे जास्तच गुण दिले, रहस्यकथांनासुद्धा. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही आढळले. माझे मत असे: नुसत्या खुनाच्या कथेत खुनी कळला तरी रचना बघण्याचा आनंद उरतो, पण गूढ आहे की नाही हाच जिथे प्रश्न आहे तिथे ते उत्तर कळणे फार महाग पडते. फार भीती वाटते म्हणून एखादा माणूस शेवट विचारून घेत असेल तर मात्र त्याला अडवू नका. न बघण्यापेक्षा तसे बघणे बरे.

पायरी २: पडदा, आवाज आणि फोन

अशा चित्रपटांत अर्धी कथा काळोखात असते, म्हणून पडद्याची तपासणी आधी करा. अनेक टीव्हींमध्ये वीज वाचवण्याची सेटिंग चालू असते आणि ती पडदा मंद करते. मग जिन्याच्या कोपऱ्यात उभी केलेली आकृती दिसतच नाही. ती सेटिंग बंद करा. हालचाल गुळगुळीत दाखवणारी सेटिंगही बंद करा. पडद्यावर प्रतिबिंब पाडणारा दिवा घालवा. मिट्ट अंधार हवाच असे नाही. पडद्यामागे मंद दिवा असला तर डोळे कमी शिणतात आणि काळोखातले बारकावेही नीट दिसतात.

आवाजाला मी चित्राइतकेच महत्त्व देतो. पार्श्वसंगीत केव्हा थांबते याकडे कान ठेवा. दचकवण्याआधीची शांतता सगळ्यांना ओळखू येते, पण साध्या संवादाच्या मध्येच रातकिड्यांचा आवाज अचानक बंद झाला तर ते ऐकायला हेडफोन किंवा बरे स्पीकर लागतात.

सबटायटल्सबाबत एक सावधगिरी. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटल्समध्ये आवाजांचे वर्णन आणि बोलणाऱ्याचे नाव असते. गरज असेल तर ती वापरलीच पाहिजेत. पण पडद्याआडून कुजबुजणारा कोण हे कथेने लपवलेले असताना तिथे त्याचे नाव छापून येते, असे होते. फक्त भाषा समजावी म्हणून सबटायटल्स हवी असतील तर निव्वळ संवादांची निवडा.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कुशल लेखक महत्त्वाचा धागा रटाळ वाटणाऱ्या प्रसंगातच पेरतो: नोकर हजेरी देतोय, कोणी औषधाची बाटली कपाटात ठेवतेय, दोन बहिणी जुन्या फोटोंवरून हुज्जत घालतायत. आपला हात फोनकडे नेमका तेव्हाच जातो.

पायरी ३: सुरुवातीला "काय झाले" यापेक्षा "कोणी पाहिले" हे धरा

पहिल्या दोन-तीन प्रकरणांत किंवा पहिल्या पाऊण तासात एकच प्रश्न सतत विचारत राहा: ही घटना मला कोणाच्या डोळ्यांनी दिसते आहे?

खिडकीबाहेर पांढरी आकृती दिसली. ती एकट्या पात्राने पाहिली? त्या वेळी ते पात्र तापाने फणफणलेले होते, औषधावर होते, नुकतेच झोपेतून उठले होते? की तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिली? की खोलीत कोणीच नव्हते आणि फक्त कॅमेऱ्याने, म्हणजे फक्त प्रेक्षकाने पाहिली? हा तिसरा प्रकार सर्वांत वजनदार. कोणाही पात्राचा डोळा मध्ये नसताना कथेने ती आकृती दाखवली, तर ती तिथे आहे अशी हमी स्वतः दिग्दर्शकाने दिली. पुढे "सगळा भास होता" असे सांगून तो सुटू बघत असेल तर त्याने तुम्हाला फसवले असे खुशाल म्हणा.

पुस्तकात हाच प्रश्न निवेदकाला विचारायचा. 'मी' सांगणारा निवेदक असेल तर प्रत्येक वाक्य ही त्याची साक्ष आहे, वस्तुस्थिती नव्हे. हेन्री जेम्स यांची १८९८ ची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही लघुकादंबरी याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. मुलांना सांभाळणारी तरुणी भुते पाहते आणि तीच आपल्याला सांगते. ती भुते खरी की तिच्या मनातली, यावर एका शतकाहून अधिक काळ समीक्षक भांडत आले आहेत, कारण दोन्ही बाजूंना त्याच मजकुरातून पुरावे मिळतात.

पायरी ४: दोन रकाने ठेवा

आता या पद्धतीचा गाभा. कागदाचे दोन भाग करा: डावीकडे "माणसाने केले असेल तर", उजवीकडे "माणसाने केले नसेल तर". विचित्र वाटणारी प्रत्येक घटना दोन्हीकडे लिहायची, आणि तिच्याखाली ती कशी घडली असेल व कशाने खोटी ठरेल हे एकेका ओळीत. मनात ठेवले तरी चालेल, पण लांब सिरीजला कागदच बरा.

एक प्रसंग रचून बघू. नदीकाठचा जुना बंगला, रात्रभर पाऊस. सकाळी सात वाजता वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत मालक मेलेला सापडतो. लाकडी जिन्यावर अनवाणी पावलांचे ओले ठसे आहेत, फक्त वर जाणारे. खाली येणारा एकही ठसा नाही. सून सांगते, रात्री दोनला तिला अंगाईगीत ऐकू आले. अकरा वर्षांपूर्वी नदीत बुडालेली मालकाची पहिली बायको तेच गायची.

उजव्या रकान्यात लिहायला काही कष्ट नाहीत: बुडालेली बाई आली, ओल्या पायांनी चढली, आणि उतरायची तिला गरज नव्हती. वाचताना अंगावर काटा येतो आणि तो येऊ द्यावा.

डाव्या रकान्यात मेहनत आहे. कोणीतरी वर चढले, पाय पुसले आणि कोरडे होऊन उतरले. किंवा चढणारा वरच राहतो. किंवा उतरताना दुसरा जिना वापरला. पण त्याहून बोचरा प्रश्न वेळेचा आहे. आवाज दोन वाजता आला आणि ठसे सात वाजता पाहिले. मधल्या पाच तासांत लाकडावरची ओली पावले इतकी ठळक राहतील? राहणार नसतील तर ठसे पहाटे, प्रेत सापडायच्या थोडेच आधी उमटले, म्हणजे त्या वेळी घरात जागा असलेल्या कोणीतरी उमटवले. आता आठवा, ठसे सर्वांत आधी कोणी पाहिले? पायाचे माप कोणी घेतले का? पंचनाम्यात ते आले की पोलीस येईपर्यंत कोणी जिना पुसून काढला?

गाण्याचेही तसेच. ते एकाच व्यक्तीने ऐकले. ती या घरात आली तेव्हा पहिली बायको हयात होती का? नसेल तर ते गाणे तिचेच हे तिला कोणी सांगितले? समजा पुढे कळले की सुनेने गुणगुणून दाखवलेले कडवे त्या बाईने स्वतः रचले होते आणि जिवंत माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते, तर उजव्या रकान्याचे वजन एकदम वाढले. आणि समजा एका जुन्या कॅसेटचा उल्लेख दुसऱ्या प्रकरणात ओझरता येऊन गेला असेल, तर ते वजन पुन्हा डावीकडे गेले.

असे वजन इकडून तिकडे जाताना जाणवणे हीच या कथेची चव आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वतःला विचारा, आत्ता काटा कुठे आहे? तो बराच वेळ एकाच जागी स्थिर असेल, तर एक तर लेखक कमी पडतोय किंवा तुम्ही एक रकाना भरणे सोडून दिलेय.

पायरी ५: डावा रकाना भरायला लागणारी शिदोरी

उजवा रकाना कल्पनेवर चालतो. डाव्याला ज्ञान लागते. काही गोष्टी ठाऊक असल्या तर कथेतला तपास अधिकारी हुशार आहे की लेखक त्याला मुद्दाम मठ्ठ ठेवतोय हेही कळते.

झोपेतला पक्षाघात: जाग आलेली असते, पण शरीर हलत नाही, छातीवर दाब जाणवतो आणि खोलीत कोणीतरी उभे असल्याची खात्री वाटते. हा अनुभव वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. पात्राने उताणे पडून, अर्धवट झोपेत काही पाहिले असेल तर डावीकडे हे नोंदवा. पण त्याने सकाळी दाखवलेली मनगटावरची बोटांची खूण याने सुटत नाही.

विषारी वायू: १९२१ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. नव्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलांचे आवाज यायचे, आकृत्या दिसायच्या, अशक्तपणा आणि डोकेदुखी सतत असायची. घर तापवणारी भट्टी बिघडलेली होती आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. कथेत घरातली झाडे सुकतायत, सगळ्यांचे डोके दुखतेय आणि बाहेर गेल्यावर बरे वाटतेय असे आले, तर कान टवकारा.

आवाज: माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकू येत नाही, पण त्याचा परिणाम शरीरावर होऊ शकतो. ब्रिटिश अभियंता व्हिक टँडी यांना ते काम करत असलेल्या प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटे आणि डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसे. शोध घेतल्यावर एका पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झची लहर निर्माण होत असल्याचे त्यांना आढळले, आणि १९९८ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केले. प्रत्येक झपाटलेल्या जागेला हे उत्तर लागू पडत नाही, पण खलनायक अभियंता असेल तर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आरसा: २०१० मध्ये इटालियन मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापुतो यांनी दाखवले की मंद प्रकाशात आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिले, तर थोड्याच वेळात अनेकांना चेहरा विद्रूप होताना किंवा अनोळखी चेहरा दिसतो. आरशातले भूत दिसले की दिवा किती मंद होता ते बघा.

हलणारे टेबल आणि प्लँचेट: ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्ये साध्या उपकरणाने दाखवले की टेबल फिरवतात ती भोवती बसलेल्या माणसांचीच बोटे, त्यांच्या नकळत. नकळत हा शब्द कथेच्या दृष्टीने मोलाचा. प्लँचेटवर खुन्याचे नाव आले म्हणजे आत्म्याने सांगितले असे नाही, पण टेबलाभोवतीच्या कोणाला तरी ते ठाऊक आहे, कदाचित स्वतःच्याही न कळत, ही शक्यता उरतेच. म्हणजे भूत खोटे ठरले तरी धागा खराच.

साक्ष: १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फीत दाखवली. प्रश्नात "धडकल्या" ऐवजी "आदळून चुराडा झाला" अशा अर्थाचे क्रियापद वापरले, तर लोकांनी वेग जास्त सांगितला आणि आठवड्याने नसलेल्या फुटक्या काचाही जास्त लोकांना आठवल्या. तपास अधिकाऱ्याने "ती पांढरी साडी तुम्ही कधी पाहिलीत?" असे विचारले की थबका. साडीचा उल्लेख आधी कोणी केला?

एवढी शिदोरी घेऊन प्रत्येक गूढ घटना उडवून लावायची नाही. उलट, हे सगळे खुलासे लावूनही जी घटना शिल्लक राहते तिचा धसका कितीतरी मोठा असतो. ज्याला डावा रकाना भरता येतो, त्यालाच उजव्या रकान्याची खरी भीती वाटते.

पायरी ६: भीतीचा फायदा कोणाला, आणि मृताचे येणे काय?

गुन्हेकथेत हेतू शोधतात. इथे दोन हेतू शोधावे लागतात.

पहिला, लोकांनी घाबरण्यात कोणाचा फायदा? बुडालेल्या बाईच्या भीतीने अंधार पडल्यावर वरच्या मजल्यावर कोणी फिरकत नाही. मग रात्री वरचा मजला रिकामा कोणाला हवा आहे? घर कवडीमोलाने विकले जावे अशी इच्छा कोणाची? एकमेव साक्षीदार वेडा ठरला तर कोण वाचतो? ज्याचा फायदा, तोच भूत नाचवत असेल. काही वेळा फायदा उठवणारा वेगळा आणि भूत वेगळेच असते, आणि तो माणूस स्वतःच घाबरतो. तो प्रसंग आला की मला फार आनंद होतो, कारण दोन्ही रकाने एकाच खोलीत समोरासमोर येतात.

दुसरा प्रश्न, मृताचे काय येणे बाकी आहे? गूढकथेतली भुते उगाच येत नाहीत. न नोंदलेला खून, नाकारलेले मूल, बळकावलेली जमीन, खोटी साक्ष, असे काहीतरी हिशेबात राहिलेले असते. त्यामुळे भूत खरे असो वा नसो, त्याच्या येण्याने एक जुना गुन्हा उघड्यावर येतो. आत्ताच्या खुनाचा तपास करताना त्या जुन्या गुन्ह्याचाही शोध घ्या. चांगल्या कथांत दोन्हींचे मूळ एकच असते.

पायरी ७: सारखे ओळखत बसू नका

पायरी चार वाचून कोणी प्रत्येक प्रसंगात "मला कळलं!" म्हणत बसला तर त्याचाही रसभंग होईल. तपासाला विराम हवा. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत धक्का आणि ताण यांतला फरक सांगितला होता. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल आणि टेबलावर गप्पा चालू असतील, तर १५ मिनिटांचा ताण मिळतो. असे ताणाचे प्रसंग आले की रकाने बाजूला ठेवा आणि त्या खोलीत जाऊन बसा. मध्येच थांबवू नका, मागे-पुढे करू नका. हिशेब एपिसोड संपल्यावर करायचा.

सिरीज एका रात्रीत संपवायची घाई टाळा. सलग बघितल्यावर पाचव्या एपिसोडला दचकणे बोथट होते आणि नावे, तारखा, नाती यांचा गोंधळ उडतो. दोन एपिसोडनंतर थांबलात तर मधल्या दिवसात तुमचे मन स्वतःच तपास करत राहते, आणि अनेकदा उत्तर सुचते ते तेव्हाच.

सोबत कोणी असेल तर एकच नियम पाळा: ज्याने आधी पाहिले आहे त्याने तोंडही उघडायचे नाही आणि इतरांच्या चेहऱ्याकडेही बघायचे नाही. "आता बघ हं" एवढेसुद्धा म्हणू नये. सगळेच पहिल्यांदा बघत असाल तर प्रत्येक भागानंतर आपापला संशयित चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि शेवटी उघडा.

पायरी ८: शेवट मोजायचा कसा

शेवट साधारण तीन प्रकारचे. प्रत्येकाला वेगळी फूटपट्टी लागते.

सगळे मानवी निघाले, तर खुलाशाने प्रत्येक गूढ घटना उचलली का ते बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन रॅडक्लिफ या लेखिकेने भीतीचे डोंगर उभे करून शेवटी नैसर्गिक कारणे देण्याची रीत रूढ केली, आणि तेव्हाही वाचकांची तक्रार हीच होती की कारण भीतीच्या मानाने किरकोळ निघते. वरच्या प्रसंगातले ठसे आणि गाणे, दोन्हींचा हिशेब लागला पाहिजे. खुलासा होऊनही ती आधीची रात्र आठवून शहारा येत असेल तर लेखक जिंकला.

अलौकिक खरे निघाले, तर नियम आधी दिले होते का ते तपासा. भूत पाणी ओलांडू शकत नाही हे शेवटच्या दहा मिनिटांत कळले तर ती पळवाट. तिसऱ्या प्रकरणात सहज सांगितलेल्या गोष्टीत ते आले असेल तर तो न्याय. आणि माणसाचा गुन्हा भुताच्या आड लपून सुटत असेल, तर गुन्हेकथा म्हणून ती कथा अपुरी राहिली असे मी मानतो.

काहीच ठरले नाही, तर चिडण्याआधी आपले रकाने काढा. दोन्हीकडे सारखे वजन असेल, आणि दोन्ही वाचनांत कथा पूर्ण होत असेल, तर ती संदिग्धता कमावलेली आहे. एकीकडे पुरावे आणि दुसरीकडे नुसता धूर आणि वारा असेल, तर लेखकाला निर्णय घेता आला नाही. अशा वेळी "शेवटाचा अर्थ" सांगणारे व्हिडिओ लगेच लावू नका. एक रात्र जाऊ द्या, आणि स्वतःचे उत्तर दोन वाक्यांत लिहून काढा. मग दुसऱ्यांचे ऐका.

भीती मागे रेंगाळली तर

काहींना नंतर झोप लागत नाही. बघणे झोपण्याच्या दोन तास आधी संपवा, आणि मधल्या वेळात वेगळ्या धाटणीचे काही बघा किंवा कोणाशी बोला. जे दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही ते कसे चित्रित केले असेल याचा विचार केला तर त्याची पकड सैल होते: दिवा कुठे होता, कॅमेरा कुठे, ती नटी किती वेळ तशी उभी राहिली असेल. रात्रीमागून रात्र त्रास होत असेल तर हा प्रकार काही काळ बाजूला ठेवा. लहान मुलांना "काही होत नाही" म्हणून शेजारी बसवू नका.

पायरी ९: दुसरी खेप

चांगली कथा काही आठवड्यांनी पुन्हा बघा. आता कोडे सुटलेले असते, त्यामुळे डोळे मोकळे असतात. या वेळी फक्त खुन्याकडे बघा, तो मागे उभा असतानाही. इतरजण किंचाळतात तेव्हा तो काय करतो? भुताची गोष्ट निघाली की तो विषय बदलतो, की आणखी एक तपशील घालतो? पुस्तकात त्याचे सगळे संवाद सलग वाचून काढा. पहिल्या वेळी सांत्वन वाटलेली वाक्ये दुसऱ्या वेळी धमक्या वाटू लागतात. मग आपला जुना कागद काढून बघा, कोणती घटना तुम्ही चुकीच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळ ठेवली होती, आणि लेखकाने नेमक्या कोणत्या वाक्याने ती तुमच्याकडून तिथे ठेवून घेतली.